तिसरी मावशी

वरच्या मजल्यावर सगळे झोपून असणारे. दुपारची डुलकी काढतात तसे नव्हे, कायमचे. ज्यांना उठता येतं, काठी टेकत का होईना बागेपर्यंत जाता येतं, ते खालच्या मजल्यावर. ज्यांना स्वतःची कूससुद्धा बदलता येत नाही, ते वर. लांबलचक व्हरांडा, एका अंगाला खिडक्या, दुसऱ्या अंगाला खोल्या, आणि प्रत्येक खोलीत छताकडे नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडलेलं एक म्हातारं माणूस. त्यानं छत बघायचं की भिंत, हे ठरवणारी बाई म्हणजे मावशी.

त्या वृद्धाश्रमात काम करणारी प्रत्येक बाई मावशीच. नव्वदीचे आजोबा साठीला टेकलेल्या बाईला 'ए मावशी' म्हणून हाक मारायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. पण एका हाकेला चौघी धावल्या की पंचाईत व्हायची, म्हणून टोपणनावं पडली. ही गोष्ट जिची, ती थोरली मावशी. वयानं थोरली आणि नोकरीनंही. व्हरांड्याच्या टोकाला तिची चप्पल वाजली, की खोल्याखोल्यांतलं कण्हणं थांबायचं. पडदा वर जाण्याआधी प्रेक्षागृह गप्प होतं ना, तसं.

तिचं लग्न झालं तेव्हा सासू चांगली धडधाकट होती. पुढे सासूला झटका आला आणि तिनं अंथरूण धरलं ते धरलंच. कित्येक वर्षं थोरलीनं तिचं सगळं केलं. भरवलं, पुसलं, धुतलं, या कुशीवरून त्या कुशीवर केलं. सासू गेली, तिच्या पाठोपाठ नवराही गेला, आणि थोरलीच्या हाताशी उरली एक मुलगी आणि एक सवय. शेजारीण म्हणाली, "अगं, तू घरात जे फुकट केलंस ना, त्याचे त्या कोपऱ्यावरच्या वृद्धाश्रमात पैसे देतात." थोरलीचा विश्वास बसेना. पहिला पगार हातात पडला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की देणाऱ्यांचाही यावर अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

तिथं कामाला कोण होतं म्हणाल, तर सगळ्या अशाच. कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणाला मुलगा विचारत नाही. पन्नाशीच्या आतली औषधालासुद्धा सापडायची नाही. तरण्या मुली येत, पडून पडून झालेली पहिली पाठीची जखम बघत, पहिला पगार घेत आणि कपड्यांच्या दुकानात लागत. तिथं पैसे तेवढेच मिळतात, वर गार हवा आणि समोर चालतं-फिरतं गिऱ्हाईक. पुरुष एकच, पहिलवान. जड माणसं उचलायला ठेवलेला. त्याला बायकांच्या दीडपट. तो रजेवर असला की तीच जड माणसं बायका उचलायच्या, एकपटीत. भेटायला येणारे नातेवाईक कधीकधी घोटाळा करायचे. दमून भिंतीला टेकलेल्या थोरलीला बघून एक सूनबाई खाली वाकून, मोठ्यांदा, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाल्या होत्या, "आजी, जेवलात का?"

"जेवले," थोरली म्हणाली, "आणि तुमच्या सासऱ्यांनाही जेवू घातलं."

वरच्या मजल्यावर दिवसपाळीला तिघी असत. थोरली, ठेंगणी आणि गार मावशी. गार मावशी म्हणजे थोरलीची जोडीदारीण. झोपलेल्या माणसाची कूस बदलणं हे एकटीचं काम नव्हे. माणसाच्या अंगाखाली आडवी चादर घातलेली असते. एकीनं पलंगाच्या या बाजूनं ती धरायची, दुसरीनं त्या बाजूनं, "एक, दोन, हं" म्हणायचं, आणि दोघींनी एकाच दमात ओढायचं. इतकी वर्षं या दोघी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या होत्या, की एकमेकींचा चेहरा त्यांनी माणसाच्या अंगावरूनच बघितलेला. गार मावशीचे हात ऐन उन्हाळ्यातही थंड. सारखी ओली फडकी पिळून पिळून तसे झाले असं ती म्हणायची. फार बोलायची नाही. पण कूस बदलून झाली की थांबायची. गुडघ्यांच्या मध्ये टॉवेलची घडी सरकवायची, आणि रुमालाचं कडं वळून ते कानाखाली ठेवायची, म्हणजे उशीवर कान दुमडून दुखत नाही. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. बाकीच्या मावश्यांना तेवढी सवड नसायची, आणि खरं सांगायचं तर सुचायचंही नाही.

थंडीत तिला ताप आला. रजा घेतली की पैसे कापले जात, म्हणून ती तापातच येत राहिली. मग एक दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घरमालकानं निरोप आणला. एका खोलीत एकटी राहायची. मागे रडायला कुणी नव्हतं, तेव्हा थोरली आणि ठेंगणी रडल्या, आणि संध्याकाळपर्यंत कामावर परत आल्या.

तिची जागा भरली गेली नाही. वृद्धाश्रम चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "बघू, विश्वस्तांच्या कानावर घालते." तिघींचं काम दोघींच्या गळ्यात पडलं.

पहिले काही दिवस दोघी नुसत्या पळत होत्या, दोघींनी मिळून बदलायची कूस एकेकटीनं ओढत. आणि मग एका दुपारी, जेवणं उरकून, सगळा मजला सुस्तावलेला असताना, थोरली जज्जसाहेबांच्या खोलीत शिरली. जज्जसाहेब म्हणजे कधीकाळी न्यायाधीश होते ते आजोबा. अजून हुकूम सोडल्यासारखं बोलायचे. सकाळी तिनं त्यांना भिंतीकडे वळवलं होतं. आता ते खिडकीकडे तोंड करून शांत पडले होते. पाठीमागे घोंगडीची गुंडाळी. गुडघ्यांच्या मध्ये टॉवेल. कानाखाली रुमालाचं कडं.

ठेंगणी शिकली वाटतं, असं थोरलीच्या मनात आलं, आणि तिला बरं वाटलं.

चहाच्या वेळी ठेंगणीच आधी म्हणाली, "ताई, तुमचे उपकार झाले बाई. त्या टोकाच्या तिन्ही खोल्या तुम्ही करून टाकल्यात."

"मी?" थोरली म्हणाली. "मी जज्जसाहेबांच्या खोलीपुढं गेलेच नाही. आणि तिथंही तूच जाऊन आली होतीस."

"मी तर धुण्यात होते!"

कपातल्या चहावर साय धरली. पहिलवानाचं काम असणार, असं ठेंगणी म्हणाली खरी, पण पहिलवान त्या दिवशी रजेवर होता, हे दोघींना माहीत होतं.

टोकाच्या खोलीत पोस्टातल्या आजी होत्या. पूर्वी टपाल कचेरीत होत्या, आता दोन्ही डोळ्यांनी अंध. थोरलीनं सहज विचारावं तसं विचारलं, "आजी, दुपारी तुमची कूस कुणी बदलली हो?"

"कुणी म्हणजे? तुमच्यातलीच ती. बोलत नाही ती." आजींनी नाक मुरडलं. "हात जरा गरम करत जा म्हणावं. शहारा येतो अंगावर."

थोरलीनं आजींच्या अंगावरची चादर सारखी केली. चादर उन्हात पडलेली होती आणि तरी एका जागी, तळव्याएवढ्या जागेत, ओल्यासारखी थंड होती.

थोरलीनं हे ठेंगणीच्या कानावर घातलं, बाकी कुणाच्या नाही. बोलून करायचं काय? कुणाला सांगावं तर वेड्यात काढतील, आणि न सांगावं तर काम होतंच आहे. भीती वाटायची नाही असं नाही. रिकाम्या व्हरांड्यात मागे कुणीतरी फडकं पिळतंय असा आवाज यायचा आणि वळून बघावं तर बादलीतलं पाणी तेवढं हलत असायचं. पण कंबर दुखत असली की भीतीलाही माणूस जागा करून देतो. ठेंगणीनं तर सरळ वाटणीच करून टाकली. "ताई, अलीकडच्या तुमच्या, मधल्या माझ्या, पलीकडच्या तिच्या." पलीकडच्या खोल्यांकडे ती दुपारची फिरकेनाशी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला बसून चहा प्यायला मिळत होता. थोरली तिला बोलली नाही. तिचेही गुडघे निवांत होते.

हिवाळा सरला आणि एक दिवस मॅडम स्वतः जिना चढून वर आल्या. चेहरा आनंदानं फुललेला.

"मावशी, विश्वस्तांच्या बैठकीत तुमच्या मजल्याचं कौतुक झालं. अहो, टाळ्या वाजल्या! इतके झोपून असलेले लोक, आणि एकाच्याही पाठीला साधी जखम नाही. तेही दोघींत!"

टाळ्या म्हटल्यावर ठेंगणी लाजली. थोरलीला मात्र पुढचं वाक्य आधीच ऐकू आलं.

"मग त्यांनी विचारलं," मॅडमचा आवाज खाली आला, "की दोघींत इतकं छान होतंय, तर एक मावशी आणि पहिलवान अर्धा वेळ, असं नाही का भागणार? मी म्हटलं बघते. पण त्यांचं ठरल्यातच जमा आहे. येत्या महिन्यापासून. आणि... तुमचं वयही झालंय ना, मावशी."

मॅडम वाईट नव्हत्या. हे सांगताना त्यांनी थोरलीचा हात हातात घेतला होता. थोरलीनं तो सोडवून घेतला नाही. तिला एवढंच दिसत होतं की घर तिच्या पगारावर चालतं आणि दुसरा पगार घरात नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "आम्ही दोघी नाही. तिघी आहोत."

"तिसरी कोण?"

थोरलीनं सांगितलं. खरंखुरं, जसं होतं तसं. मॅडम ऐकत गेल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत जी कणव दाटली ती थोरलीनं ओळखली. आपण भ्रम झालेल्या आजींकडे बघतो तेव्हा आपल्या डोळ्यांत हीच असते.

"तुम्हांला विश्रांती हवी आहे, मावशी," मॅडम हळूच म्हणाल्या आणि खाली गेल्या.

घरी मुलगी वाट बघत होती. खोक्यांच्या कारखान्यात यंत्रात सापडून तिचा उजवा हात मनगटापासून गेला होता. जीभ मात्र शाबूत होती. तिनं आईचं सगळं ऐकून घेतलं, भीतीबिती काही नाही, आणि म्हणाली, "मग तिला सांग, काम बंद कर म्हणून."

"अगं, असं कसं सांगू? माझ्या जिवाभावाची ती."

"असू दे ना. फुकट राबणारी बाई मिळाली, की पगारी बाईला कोण विचारतं? जिवंत असो नाहीतर मेलेली. तुझी मावशी तिकडं पुण्य करतेय आणि इकडं आपली चूल विझतेय."

"आणि त्या म्हाताऱ्यांचं काय? ती थांबली तर त्यांच्या पाठी फुटतील."

मुलगी म्हणाली, "आई, ते मला विचारू नकोस. तिथं तू आहेस."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर थोरलीनं ठेंगणीला धुण्याला पाठवलं आणि स्वतः पलीकडच्या खोल्यांकडे गेली. व्हरांड्यात ऊन इतकं स्वच्छ पडलं होतं की फरशीवरचा प्रत्येक चरा दिसत होता. पहिल्या खोलीत ती पलंगाच्या आपल्या बाजूला उभी राहिली, आडवी चादर धरली, आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "एक, दोन, हं."

समोरून चादर उचलली गेली.

पलीकडच्या काठाला चार सुरकुत्या पडल्या, बोटांनी धरल्यावर पडतात तशा. गादीच्या कडेला गुडघा टेकल्याचा खळगा पडला. दोघींच्या मधल्या आजोबांची कूस अलगद बदलली, आणि ते झोपेतच सुखानं हुंकारले. खिडकीतलं ऊन त्या रिकाम्या जागेतून आरपार येऊन थोरलीच्या हातावर पडलं होतं, आणि त्या उन्हाला ऊब नव्हती.

थोरलीची नजर दाराकडे गेली. पण दुसरा पलंग होता, तिसरा होता, आणि काम सुरू झालं की पाय आपोआप चालतात. दोघींनी मिळून पलीकडच्या सगळ्या खोल्या उरकल्या. कुठं ओढाताण नाही, कुठं एकीचा दम आधी नि दुसरीचा मागून नाही. इतक्या वर्षांच्या जोडीनं केलेला नाटकातला प्रवेश, शब्द न चुकता. पोस्टातल्या आजी म्हणाल्या, "आज दोघी आलात का गं?" थोरलीनं "हो" म्हटलं आणि आजींची चादर सारखी केली.

बाहेर व्हरांड्यात नातेवाइकांसाठी ठेवलेली निळी प्लॅस्टिकची खुर्ची होती. मावश्यांनी व्हरांड्यात बसायचं नाही, हा तिथला जुना नियम. थोरलीनं ती खुर्ची ओढून खिडकीशी लावली.

"बये," ती म्हणाली, "तुझ्यासारखं काम मला सात जन्मांत जमायचं नाही. पण तू करतेस ते कुणाला दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, इथं बाई लागतच नाही. तू तापात येत राहिलीस, तेव्हाही त्यांना वाटलं चाललंय की. आता तुझ्यामागं मी जायची, माझ्यामागं ठेंगणी, आणि मग या सगळ्यांचं तू एकटीनं करणार आहेस का? कोण विचारील तुला? ऐक माझं. पुरे झालं. या खुर्चीत बस. आयुष्यात एकदा तरी बस गं बाई."

बराच वेळ काही झालं नाही. मग प्लॅस्टिक कर्रकन वाजलं, कुणी भार टाकल्यावर वाजतं तसं, आणि खुर्चीचे पाय फरशीवर किंचित पसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठेंगणी धावत आली. "ताई, तिनं केलंच नाही! जज्जसाहेब सकाळचे तसेच आहेत!"

"तिचं काम नाही ते," थोरली म्हणाली. "आपलं आहे. चल."

दोघी जीव तोडून पळाल्या. तरी पुरलं नाही, पुरणारच नव्हतं. आठवडा झाला नसेल, जज्जसाहेबांच्या कमरेवर लाल चट्टा उठला, मग कातडी गेली, आणि मग जखम. थोरली रोज स्वतः ती धुवायची. जज्जसाहेब हुकूम सोडायचे थांबले. औषधाचा बोळा लागला की फक्त "आई गं" म्हणायचे, नव्वदीचा माणूस. आणि तेव्हा बाहेर व्हरांड्यात खुर्ची कुरकुरायची. कुणीतरी उठायला बघतंय, काठांवर हात रोवून, धडपडून. थोरलीचे हात थांबायचे. उठ आणि ये, असं म्हणावंसं तिला किती वाटायचं! कानाखाली रुमालाचं कडं आता ती स्वतः ठेवत होती, पण ते नीट वळलं जायचं नाही.

"बस," मागे न वळता ती म्हणायची. "बस म्हटलं ना."

खुर्ची गप्प व्हायची.

मग तक्रारी सुरू झाल्या. जखमेच्या नव्हे, त्याआधी दुसऱ्याच. एका आजोबांनी मॅडमना सांगितलं, "तुमची एक मावशी दिवसभर व्हरांड्यात नुसती बसून असते." दुसऱ्या एक आजी म्हणाल्या, "हाक मारली तरी उठत नाही. टकामका बघते." पोस्टातल्या आजी तर म्हणाल्या, "पगार कशाचा देता तिला?" मॅडम तरातरा वर आल्या. ठेंगणी एका खोलीत वाकलेली, थोरली दुसऱ्या खोलीत वाकलेली. व्हरांड्यात खिडकीशी एक निळी खुर्ची. मॅडम तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग त्यांनी अंगावरचा स्वेटर ओढून घेतला, उन्हाळा तोंडावर आलेला असताना, आणि काही न विचारता खाली गेल्या.

त्याच आठवड्यात जज्जसाहेबांचा मुलगा भेटायला आला आणि त्यानं चादर वर केली. तो इतका ओरडला की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्याशी जमले. विश्वस्तांना फोन गेले. कोर्टाचं नाव निघालं. थोरली समोर उभी राहून सगळं ऐकून घेत होती. "दोघींत नाही होत, साहेब," एवढंच ती म्हणाली, "आधीही होत नव्हतं." तो मुलगा तिच्याकडे बघत राहिला आणि मग ओरडायचं सोडून मॅडमकडे वळला.

एकीला कमी करायचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. उलट तिसरी जागा भरायचा हुकूम आला. थोरलीनं घरी सांगितलं तेव्हा मुलीनं एका हातानं तिला जवळ ओढलं. थोरली हसली, पण त्या दिवशी जेवण तिला गेलं नाही. जज्जसाहेबांची जखम भरायला पुढे फार दिवस लागले, आणि तेवढे दिवस ती रोज जखम उघडून बघत होती, नजर चुकवून नव्हे, नीट बघत होती.

नवी बाई आली ती पन्नाशीची, नवऱ्यानं टाकलेली, हातात कापडी पिशवी. दुपार होईतो तिच्या पायांचे तुकडे पडले. व्हरांड्यात येऊन ती निळ्या खुर्चीकडे वळली, तोच थोरली म्हणाली, "तिथं नको."

"का हो, मोडकी आहे?"

"नाही."

नव्या बाईनं खुर्चीकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं, आणि का कोण जाणे, एक पाऊल मागे सरली. "मग आम्ही बसायचं कुठं?"

थोरलीनं जरा विचार केला आणि जिना उतरून तडक मॅडमच्या खोलीत गेली. तिथं टेबलासमोर पाहुण्यांच्या दोन खुर्च्या होत्या, गादीच्या. तिनं एक उचलली.

"अहो मावशी, ही कुठं नेताय? व्हरांड्यात बसायचं नसतं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," थोरली म्हणाली. "पण बसायला जिवंत असताना शिकलेलं बरं, मॅडम."

खुर्ची जड होती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिचा एक पाय आपटत होता. अर्ध्या जिन्यात थोरलीला दम लागला, तशी ती थांबली, खुर्ची खाली ठेवली, आणि तिथंच, जिन्यात, तिच्यावर बसली.